स्वागताची भैरवी

ही गोष्ट मी आजवर शंभर वेळा तरी सांगितली असेल. लग्नात पंगतीला उशीर झाला की, मुंजीत गुरुजी यायचे राहिले की कोणीतरी हटकून म्हणतं, "काका, ती बाजाची गोष्ट होऊन जाऊ द्या." मी सांगतो. लोक ठरलेल्या जागी हसतात. शेवटी गोष्टीत एक ठसेवाला येतो, तो सगळं उलटं करून ठेवतो, आणि सगळ्यात मोठा हशा त्याच्यावर होतो.

त्या शेवटच्या हशाबद्दल मला लिहायचं आहे, आणि इतकी वर्षं मी तेच टाळत आलो. गोष्ट खरी आहे. बाजा खरा, ठसेवालाही खरा. फक्त उलटं त्याने केलं नव्हतं. कोणी केलं ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. विसरलो असतो तर बरं झालं असतं. पण या वयात चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही आणि हे मात्र स्वच्छ आठवतं.

संस्थानं विलीन होऊन मध्य भारत नावाचं नवं राज्य झालं, तेव्हा मी उज्जैनला जमिनीच्या मोजणी कचेरीत ट्रेसर होतो. ट्रेसर म्हणजे नकाशावर पारदर्शक कापड अंथरून खालची रेघ न् रेघ वर उतरवून घेणारा माणूस. स्वतःच्या मनाची एकही रेघ काढायची नाही, एवढंच त्या नोकरीचं शास्त्र. नव्या राज्याची राजधानी सहा महिने ग्वाल्हेरला आणि सहा महिने इंदूरला असायची. त्यामुळे साहेब, त्यांच्या फायली आणि फायलींवरचे हुकूम हे तिघं एका गावात क्वचितच सापडत. त्या फुरसतीत माझं लग्न झालं.

सासरे ग्वाल्हेर संस्थानच्या बँडमधून निवृत्त झालेले. उज्जैनच्या मराठी मंडळींचं आमचं एक मंडळ होतं. त्यात एक गणपती, एक वाचनालय आणि एकमेकांशी न बोलणारे दोन गट होते. सासरे अध्यक्ष, आणि ते दोन्ही गटांशी ओरडून बोलत. त्यांनी आयुष्यात एकच गाणं रचलं होतं, बिलावलातलं स्वागतगीत. मूळचं ते महाराजांच्या स्वारीसाठी होतं. पुढे सुभेसाहेब आले, त्यांचं नाव घातलं. रेल्वेचे मोठे अधिकारी आले, त्यांचं घातलं. नाव लांब असलं की एक तान कापायची, आखूड असलं की 'श्रीमान' जोडायचं.

स्वातंत्र्य आलं आणि या व्यवस्थेचे हाल झाले. कोण किती दिवस खुर्चीवर राहील याचा भरवसा उरला नाही. एका उपमंत्र्यांच्या स्वागताला गाणाऱ्या मुलींनी दुसऱ्या कडव्यात सवयीने आधीच्याच साहेबांचं नाव घेतलं. ते आधीचे साहेब तेव्हा निलंबित होते. सासऱ्यांनी चार दिवस जेवण टाकलं. म्हणजे सासूबाईंसमोर टाकलं. मधल्या वेळी आमच्या घरी येऊन जेवत.

अशात एका सरदार घराण्याने फ्रीगंजकडचा आपला बंगला विकला आणि मंडळाला एक पेटारा देणगी म्हणून पाठवला. देणगी म्हणजे ते धूड त्यांना ग्वाल्हेरला न्यायचं नव्हतं. कपाटाएवढा लाकडी पेटारा. पुढे नळ्यांची रांग, बाजूला लोखंडी दांडा. सासूबाईंनी पाहिलं आणि विचारलं, "शेवया कुठून पडतात?"

तो विलायती बाजा होता. दांडा फिरवला की पोटातला भाता हलायचा आणि लाकडाचा एक जाडजूड रूळ हळूहळू फिरायचा. रुळावर हजारो पितळी खिळे ठोकलेले. खिळा फिरत वर आला की एक कळ उचलायचा, कळ उचलली की तिच्या नळीत वारा शिरायचा आणि सूर निघायचा. सगळं गाणं खिळ्यांतच लिहिलेलं. दांडा फिरवणाऱ्याला 'सा' कशाशी खातात हे माहीत नसलं तरी चालायचं. आम्ही फिरवला तेव्हा त्यातून गोऱ्या लोकांच्या नाचाची एक चाल निघाली. भात्यात उंदरांनी संसार थाटलेला, त्यामुळे दमेकऱ्याने नाचावं तसं ते ऐकू आलं.

सगळे हसले. सासरे हसले नाहीत. ते रुळावरून हात फिरवत उभे होते.

"जावईबापू," ते म्हणाले, "बाजाला शब्द नसतात."

"नसतात, मामा."

"म्हणजे नाव घ्यायची भानगडच नाही! मंत्री येवो, संत्री येवो, राज्य कोणाचंही असो. दांडा फिरवायचा. चाल तीच, सन्मान तोच. मधल्यामध्ये कोणी निलंबित झालं तर त्याने आपला सन्मान घरी घेऊन जावा."

एवढी दूरदृष्टी नव्या राज्यात कोणाकडेच नसेल, असं मला तेव्हा प्रामाणिकपणे वाटलं. प्रश्न एवढाच होता की जुने खिळे उपटून रुळावर स्वागतगीत ठोकणार कोण?

भैरवगढला कापडछपाईचे लाकडी ठसे कोरणारे एक चाचा होते. साठीच्या आसपासचे, डोळ्याला एक काडी तुटलेला चष्मा, तो दोऱ्याने कानाला बांधलेला. बारीक ठिपक्यांसाठी ते ठशात पितळी खिळे ठोकत. इतके जवळजवळ, की वरून बोट फिरवलं तर मखमलीसारखं लागायचं. आम्ही रूळ टांग्यात घालून त्यांच्याकडे नेला. चाचांनी तो मांडीवर घेतला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "मास्टर साहब, ये तो गोल ठप्पा है."

सासरे तिथेच त्यांच्या प्रेमात पडले.

आता चाचांचं यात काय अडकलं होतं ते सांगतो, कारण गोष्ट सांगताना मी हा भाग नेहमी गाळतो. संस्थानी काळात वाड्यांच्या बिछायती त्यांच्या ठशांवर छापल्या जात. वाडे रिकामे होऊ लागले तशा बिछायती कोणाला लागेनात. नवं सरकार छपाई शिकवायची एक शाळा काढणार होतं आणि तिथे एक उस्ताद नेमायचा होता. चाचांना ती जागा हवी होती. नुसती हवी नव्हती, त्यांनी मनात त्या शाळेच्या भिंतीसुद्धा रंगवून ठेवल्या होत्या. "लड़कों को पहले छह महीने सिर्फ़ लकड़ी पहचानना सिखाऊँगा," ते मला म्हणाले होते. नेमणूक ज्यांच्या हातात, ते उद्योग खात्याचे बडे साहेब पुढच्या महिन्यात उज्जैनला यायचे होते आणि मंडळाने त्यांचा सत्कार ठरवला होता. सासऱ्यांनी शब्द दिला. आधी बाजा वाजेल. मग साहेबांसमोर चाचा रुमाल छापून दाखवतील. हा रूळही चाचांनीच केला असं सासरे स्वतः सांगतील, आणि शिफारस करतील.

कामाची वाटणी झाली. सासरे पेटीवर गाणं म्हणणार, मी त्याचा नकाशा काढणार, चाचा तो रुळावर चिकटवून खुणेबरहुकूम खिळे ठोकणार. बाजाला पंचवीस कळा होत्या, काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून दोन सप्तकं आणि वरचा एक सा. मी कापडावर पंचवीस उभ्या रेघा मारल्या. डावीकडे खर्ज, उजवीकडे तार, बरोबर मधोमध मधला सा. वरून खाली वेळ. जिथे सूर, तिथे ठिपका. लांब सूर असेल तर तेवढी लांब रेघ. सुरुवातीला एक तांबडी रेघ. आयुष्यात पहिल्यांदा मी दुसऱ्याची न गिरवता स्वतःची रेघ काढली होती, त्यामुळे मी फार फुगलो होतो. नकाशा घेऊन मी एकटाच भैरवगढला गेलो.

चाचांनी कापड उजेडात धरलं. मग विचारलं, "बाबूजी, सीधा चिपकाऊँ कि उल्टा?"

"मतलब?"

"ठप्पे पर हम नक़्शा उल्टा चिपकाते हैं. ठप्पा उल्टा बने, तब कपड़े पर सीधा उतरे. पर ये तो कहीं उतरेगा नहीं. ये तो ख़ुद ही बोलेगा. तो मेरे हिसाब से सीधा."

इथे मी नुसती मान हलवली असती तर ही गोष्टच झाली नसती. पण मी सरकारी नकाशे काढणारा माणूस. एका ठसेवाल्याने मला दिशा सांगावी?

"देखो चाचा," मी म्हणालो, "कील जाकर चाबी को लगती है न? जैसे ठप्पा कपड़े को लगता है. बात वही हुई. उल्टा."

"पर बाबूजी, कपड़े पर तो निशान रह जाता है. इसका निशान कहाँ रहेगा?"

"हवा में," मी म्हणालो.

चाचा बराच वेळ समोरच्या हवेकडे बघत राहिले. शेजारी त्यांची बकरी बांधलेली होती, तीही बघत होती. "एक बार मास्टर साहब से पूछ लें?" ते म्हणाले.

"उनसे क्या पूछना? नक़्शा मैंने बनाया है."

"आप पढ़े-लिखे हैं," चाचा म्हणाले आणि खळीचा वाडगा पुढे ओढला. पुस्तकाचं पान उलटावं तसं ते कापड मी स्वतःच्या हाताने पालथं केलं. कापड पारदर्शक, दोन्हीकडून सारखंच दिसणारं. डावीकडचा खर्ज उजवीकडे गेला, उजवीकडचं तारसप्तक डावीकडे आलं. तांबडी रेघ होती तिथेच राहिली.

घरी येऊन हा सगळा किस्सा मी बायकोला पोळी खाता खाता ऐकवला. बाबूने उस्तादाला कसं शिकवलं ते. ती म्हणाली, "पण ते म्हणत होते ते मला बरोबर वाटतं." मी म्हणालो, "तुला नकाशातलं काय कळतं?" हे वाक्य पुढे चाळीस वर्षं मला आमटीबरोबर, भाताबरोबर, कधी नुसतंच वाढलं गेलं.

तुम्ही म्हणाल, आधी वाजवून का नाही पाहिला? पाहिला ना. रूळ तयार होऊन आला तेव्हा भाता देवास गेटच्या एका कारागिराकडे नव्या कातड्यासाठी पडला होता. वारा नव्हता, पण सासऱ्यांना धीर नव्हता. त्यांनी दांडा फिरवायला लावला. कळा नुसत्याच उचलायच्या आणि पडायच्या, टक टक, टक टकटक. सासरे डोळे मिटून त्या टकटकीवर आपलं गाणं म्हणू लागले. ठेका तंतोतंत जुळला. जुळणारच होता. सूर वरचे खाली झाले तरी वेळ तीच होती.

"वा!" ते म्हणाले. "मात्रा न् मात्रा! उस्ताद, तुम मेरे गाने को मुझसे अच्छा समझे!"

चाचा लाजले. भाता सत्काराच्या दिवशी दुपारी आला, बसवला, आणि बाजावर शाल घालून टाकली. पाहुण्यांच्या आधी कोणी तो ऐकायचा नाही, असा अध्यक्षांचा हुकूम होता.

संध्याकाळी सासऱ्यांचा दिवाणखाना भरला. साहेब आले. गोरेपान, घाईत असलेले, हिंदी बोलणारे. बाजूच्या टेबलावर चाचा नवीन पांढरा कुर्ता घालून उभे. पुढे ठशांची रांग, रंगाचं ताट, ताणून लावलेला रुमाल. सासऱ्यांनी भाषणात नव्या राज्याचं कौतुक केलं, मग बाजाचं, मग म्हणाले, "आणि याचा नकाशा आमच्या जावयांनी काढला. एक रेघ इकडची तिकडे नाही!" टाळ्या झाल्या. मी उभा राहून नमस्कार केला. नको तेवढा वेळ उभा राहिलो.

शाल काढली. मंडळाच्या सेवकाने दांडा फिरवला. पहिला सा अगदी गोड लागला. सासऱ्यांनी हवेत हात उचलला, आता गाणं वर चढणार म्हणून. गाणं खाली उतरलं.

ज्यांना गाण्याचं अंग नाही त्यांच्यासाठी सांगतो. बिलावलात सगळे सूर शुद्ध. मधल्या सा भोवती तो पालथा केला की सा जागच्या जागी राहतो, पण जिथे शुद्ध रिषभ चढायचा तिथे कोमल निषाद उतरतो, गंधाराच्या जागी कोमल धैवत येतो, आणि असं करत करत जे हाती लागतं ते चोख भैरवीचे सूर असतात. हे मी नंतर कागदावर मांडून पाहिलं. त्या क्षणी एवढंच कळलं की आमचं स्वागतगीत भैरवीत वाजतंय, आणि तेही विलायती नळ्यांतून, अत्यंत शांत, अत्यंत दुःखी.

आणि भैरवी म्हणजे काय, हे उज्जैनच्या मराठी माणसाला कोणी समजावायला लागत नाही. त्याचं आयुष्य मैफलींत गेलेलं. भैरवी लागली म्हणजे मैफल संपली. तिसऱ्या ओळीला पुढच्या रांगेतल्या एका वृद्ध गृहस्थांनी डोळे पुसले, उपरणं झटकलं आणि पायाने चपला चाचपायला सुरुवात केली.

"इतक्यात संपलं?" मागून एक बाई म्हणाल्या.

"साहेबांना गाडी गाठायची असेल."

"बरंच झालं बाई. घरी वरणाला फोडणी द्यायची राहिलीय."

"बाकीची भाषणं नाही झाली ती!"

"भैरवी झाली ना? मग आता भाषणं कसली?"

बायकांनी मुलांना उठवलं. सतरंजीची टोकं गुंडाळणं सुरू झालं. आतल्या खोलीत चिवड्याच्या बश्या भरणाऱ्यांना भैरवी ऐकू गेली तसे ते बश्या घेऊन बाहेरच आले. सासरे मधोमध हात उचललेल्या अवस्थेत उभे. त्यांचा हात खाली यायला तयार नव्हता. साहेबांनी पाहिलं, सगळी सभा उभी राहिली आहे. तेही उठले. कोणाच्यातरी हातातला हार त्यांनी स्वतःच घालून घेतला, चिवड्याचा एक घास घेतला आणि सासऱ्यांना म्हणाले, "बहुत सुंदर! इतना छोटा और इतना अनुशासित कार्यक्रम मैंने पूरे मध्य भारत में नहीं देखा." दोन मिनिटांत त्यांची जीप वळणावर दिसेनाशी झाली.

चाचांचं टेबल तसंच राहिलं. ते ठसा रंगात बुडवून तयार उभे होते, हात अर्धा वर. साहेबांनी त्या बाजूला पाहिलंच नव्हतं. ठशावरचा रंग वाळायला लागला तसा त्यांनी तो रुमालावर टेकवला, कारण भरलेला ठसा वाया घालवायची त्यांना सवय नव्हती. वेल स्वच्छ उमटली. सरळ.

मग पंचनामा झाला. सासऱ्यांनी रुळाचं झाकण उघडलं, खिळ्यांकडे पाहिलं. बँडचा जुना माणूस, त्यांना कळायला वेळ लागला नाही. "हे पालथं चिकटवलंय! कोणी? कोणी चिकटवलं हे पालथं?"

चाचा पुढे आले. आरडाओरडा नाही, काही नाही. ते म्हणाले, "मास्टर साहब, बाबूजी से पूछ लीजिए."

सगळे माझ्याकडे वळले. मला नोकरी जायची भीती नव्हती. सासऱ्यांनी मला मारलं नसतं. कारण सांगायचं तर एवढंच, की दहा मिनिटांपूर्वी माझ्यासाठी टाळ्या झाल्या होत्या आणि मला त्या परत द्यायच्या नव्हत्या.

"मी तर सरळच दिलं होतं," मी म्हणालो.

मराठीत म्हणालो. जणू मराठीत बोललेलं त्यांना कळणारच नाही. उज्जैनमध्ये जन्म काढलेल्या माणसाला.

कोणीतरी हसून म्हणालं, "अहो, ठसेवालेच ते! उलटं करायची सवय. त्यांना बोलावणारे आपणच शहाणे." मग सगळेच हसले. मीही हसलो. चाचांनी ठसे पुसून फडक्यात बांधले. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने मला आत बोलावून विचारलं, "अहो, तुम्हीच तर—"

"हळू बोल," मी म्हणालो.

शाळेतली जागा दुसऱ्याच गावच्या एका माणसाला मिळाली. त्याला ठसे धरता येत होते की नाही मला माहीत नाही, पण तो साहेबांच्या नजरेस पडला होता. चाचांना 'उल्टे उस्ताद' हे नाव पडलं. भैरवगढच्या पुलापासून देवास गेटपर्यंत ते नाव पोहोचायला आठवडासुद्धा लागला नाही. कापडवाले त्यांना विचारत, "चाचा, सीधा छपेगा ना?" आणि ज्या माणसाने चाळीस वर्षांत एक पान वाकडं कोरलं नव्हतं, तो म्हणायचा, "इंशा अल्लाह."

महिन्याभराने चाचा रूळ मागून घेऊन गेले. पंधरा दिवसांनी तो खांद्यावर घेऊन परत आले. सगळे खिळे उपटून, भोकं लाखेने बुजवून, पुन्हा ठोकलेले. कोणी सांगितलं नव्हतं. सासऱ्यांनी बाहेर यायलाच नकार दिला. "आता काय उपयोग? साहेब गेले." शेवटी मीच रूळ बसवला आणि दांडा फिरवला. रिकाम्या दिवाणखान्यात स्वागतगीत वाजलं, शुद्ध बिलावल, प्रत्येक सूर आपल्या पायरीवर. चाचा दारात उभे राहून ऐकत होते. ते माझ्याकडे बघत होते. खोलीत आम्ही दोघंच.

"अब सही है, चाचा," मी म्हणालो.

"सही तो तब भी था, बाबूजी. जैसा आपने बताया था."

ते थांबले. त्यांनी मला पुरेपूर वेळ दिला. बाहेर टांगेवाल्याने दोनदा हाक मारली तरी ते हलले नाहीत.

"चाय लेंगे?" मी विचारलं.

त्यांनी चहा घेतला नाही. पहिल्यांदाच.

त्यानंतर माफी मागायचे मी इतके बेत केले की त्यांचाही एक नकाशा काढता येईल. एकदा भैरवगढला गेलो, तर त्यांच्या दारात सोयरे बसलेले. सोयऱ्यांसमोर काय बोलायचं म्हणून चार हात बिनकामाचं कापड विकत घेऊन आलो. बायकोने त्याची उशी शिवली आणि माझ्याच डोक्याखाली ठेवली. एकदा पत्र लिहिलं. अक्षर माझं छापल्यासारखं. मसुदा केला, त्यावर सुबक प्रत उतरवली, मग तिच्याहून सुबक. पाचव्या प्रतीपर्यंत त्यात खरी गोष्ट उरली नव्हती, नुसतं अक्षर होतं. ते पाठवलं नाही.

मग मध्य भारतही संपला. राज्यं पुन्हा आखली गेली, मध्यप्रदेश झाला आणि माझी बदली भोपाळला झाली. नव्या सीमा मीही ट्रेस केल्या. मंडळाने नव्या सरकारच्या कोणाचा तरी सत्कार ठरवला होता, आणि सासऱ्यांनी पुन्हा मुलींना नाव पाठ करायला बसवलं होतं. बाजा कोपऱ्यात, वर शाल.

निघायच्या दिवशी देवास गेटच्या स्टँडवर चाचा भेटले. पाठीवर ठशांचं गाठोडं, इंदूरला विकायला निघालेले. मी खिडकीतून म्हणालो, "चाचा, एक बात कहनी थी."

"कहिए, बाबूजी." ते खिडकीजवळ आले. गाठोडंही खाली ठेवलं.

कंडक्टर 'भोपाल, भोपाल' ओरडत होता, माझ्या मांडीवर मुलगा पेंगत होता, शेजारी बायको डोळे माझ्यावर रोखून बसली होती. मोटार सुरू झाली होती, पण हललेली नव्हती. पुढे ती चांगली दहा मिनिटं हलली नाही.

"अपनी सेहत का ख़याल रखिए," मी म्हणालो.

"आप भी," चाचा म्हणाले. त्यांनी गाठोडं उचललं. बायकोने तोंड फिरवून घेतलं ते थेट भोपाळपर्यंत.

निवृत्त झाल्यावर एकदा हिंमत बांधून गेलो. भैरवगढची गल्ली तशीच होती, वाळत घातलेल्या कापडांनी भरलेली. चाचांच्या घरावर एक मोठी पाटी लावलेली: 'असली उल्टे उस्ताद के ठप्पे. हमारी कोई दूसरी दुकान नहीं.' आत एक तरुण मुलगा खिळे ठोकत बसला होता. त्यांचा नातू. चाचा जाऊन काही वर्षं झाली होती.

मी पाटीकडे बोट दाखवलं. तो अभिमानाने म्हणाला, "दादाजी का ख़िताब है, साहब. ठप्पा उल्टा बनता है न, और उनके जैसा उल्टा कोई नहीं बना सकता था. कहते हैं किसी बड़े अफ़सर के जलसे में मिला था."

चहा आला. मी घेतला. बरोबर एक रुमाल बांधून दिला त्याने, पैसे घेतले नाहीत, दादाजींना ओळखणारा माणूस म्हणून.

बायको गेली त्याच्या आदल्या महिन्यात तिने पुन्हा विचारलं होतं, "सांगितलंत का त्यांना?" ते नाहीत हे तिला ठाऊक होतं. मी म्हणालो, "काय सांगायचं ते ठरवतोय." ती म्हणाली, "चार वाक्यं आहेत. नकाशा लागत नाही त्याला."

खरंच चार आहेत. पुढच्या लग्नात कोणी बाजाची गोष्ट मागितली तर शेवट असाच करणार आहे, कोणी हसो न हसो. त्या दारात ते थांबले होते तेव्हा म्हणायचं होतं ते हे:

"चाचा, आपने सीधा कहा था. उल्टा मैंने किया, अपने हाथ से. और सबके सामने झूठ भी मैं ही बोला. मुझे माफ़ कर दीजिए."